इंजिनामागचे डबे : जड ट्रक घेताना निवड किती, भरवसा किती?

कळंबोलीच्या पोलाद बाजाराबाहेर एकदा पहाटे कॉइल भरलेला ट्रेलर उभा पाहिला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलेला. ड्रायव्हर सांगत होता, खालापूरपासून गाडीनं अंगच टाकलं. ॲक्सिलरेटर दाबून धरला तरी काटा वीसच्या पुढं सरकेना. कंपनीची व्हॅन अकराच्या आत येणार नव्हती, म्हणून मालकानं ओळखीच्या मिस्त्रीला बोलावलं. साठीतला माणूस. त्यानं इंजिन चालू करायला लावलं, दोन मिनिटं नुसतं ऐकलं आणि म्हणाला, ‘‘इंजिन खणखणीत आहे. दुखणं मागच्या डब्यात आहे.’’ मग खाली वाकून युरियाची नळी सोडवली. नळीच्या तोंडाशी मिठासारखे पांढरे खडे जमले होते. ते त्यानं गरम पाण्यानं धुतले, नळी परत बसवली. दिवा मात्र विझला नाही. तो विझवायला कंपनीचा लॅपटॉप लागतो.

जड ट्रक घेणाऱ्यांच्या दोन तक्रारी गेली काही वर्षं जोडीनं ऐकू येतात. पहिली, इंजिनांत निवडच उरली नाही. दुसरी, जी आहेत त्यांचा पूर्वीसारखा भरवसा नाही. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्हींची मुळं वेगवेगळी आहेत. वाद नेमका कशाचा आहे आणि आज कुठं येऊन थांबला आहे, ते पाहायचं तर थोडं मागं जावं लागतं.

निवड होती कधी?

आपल्याकडं ट्रक घेणं म्हणजे इंजिन घेणं. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, १९५४ मध्ये डायम्लर-बेंझशी करार केला, तो १९६९ मध्ये संपला, गाडीच्या तोंडावरचा तारा जाऊन ‘टी’ आला. इंजिनाचं घराणं मात्र बराच काळ मर्सिडीजचंच राहिलं. अशोक लेलँड आधी ब्रिटिश इंजिनांवर चालली, मग १९८० च्या दशकात जपानच्या हिनोशी करार झाला. तिच्या एच सिरीजची मुळं तिथं आहेत. गिऱ्हाइकापुढचा प्रश्न एवढाच असे : टाटा की लेलँड? तोही बहुधा वडिलांनीच सोडवून ठेवलेला. ज्या घरात टाटा, त्या घरात टाटाच.

तरीही निवड नाही म्हणून कुणी कुरकुरत नव्हतं, कारण दुरुस्तीत मुबलक निवड होती. इनलाइन पंप मायकोचा, नोझल नाशिकच्या सातपुरात बनलेलं, आणि लायनर-पिस्टन बदलून ‘हाफ इंजिन’ करून देणारा मिस्त्री दर पन्नास किलोमीटरवर. इंजिन बिघडतच नव्हतं असं नाही, खूप बिघडायचं. पण ते कुठंही उघडता येत होतं आणि कुठंही मिटवता येत होतं.

पुढं नावं वाढली. १९९० च्या दशकात टाटा कमिन्सचा कारखाना जमशेदपूरला उभा राहिला, नंतर फलटणलाही. मोठ्या टाटा गाड्यांत कमिन्सचं इंजिन बसू लागलं तेव्हा ‘कमिन्सवाली’ अशी वेगळी जातच बाजारात तयार झाली. २००८ मध्ये आयशर आणि व्होल्वो एकत्र आले आणि पिथमपूरला इंजिनं बनू लागली. भुजला एएमडब्ल्यू, आपल्या फोर्सबरोबर जर्मनीची मान, चाकणला महिंद्रा-नेव्हिस्टार आणि २०१२ मध्ये चेन्नईजवळ ओरगडमला भारतबेंझ. काही वर्षं खरोखरच गिऱ्हाइकाची चैन होती. मग एएमडब्ल्यू दिवाळखोरीत गेली, मानने २०१८ मध्ये इथला कारभार गुंडाळायचं ठरवलं. आज रस्त्यावर दिसतील अशी पाच नावं उरली आहेत. बंद पडलेल्या कंपन्यांच्या गाड्या ज्यांच्याकडं होत्या त्यांनी काय शिकायचं ते शिकून घेतलं. नव्या नावावर पैसे लावायला गाडीमालक का कचरतो, याचं अर्धं उत्तर तिथं आहे.

आणि या पाच नावांच्या आत निवड किती? गाडीवरचा आकडाच ते सांगतो. ५५३० म्हणजे ५५ टन आणि ३०० अश्वशक्ती. ४८२५ म्हणजे सुमारे ४८ टन आणि २५०. मालक हा आकडा जन्मपत्रिकेसारखा वाचतो. २०१८ च्या जुलैत केंद्रानं आसभार वाढवला, ४९ टनांचा ट्रेलर ५५ टनांवर गेला; पण त्याला ओढणारं इंजिन आजही बहुतेक पाच ते आठ लिटरांचंच आहे. टनाला जेमतेम पाच-साडेपाच घोडे. युरोपात ४० टनांना साडेचारशे-पाचशे घोडे सर्रास जोडतात. कसारा किंवा बोरघाट चढताना हा फरक आकडा राहत नाही, मागच्या रांगेतल्या सगळ्यांना तो दिसतो. मोठी इंजिनं मिळतच नाहीत असं नाही. पण भाड्याचा दर ती परवडू देत नाही. म्हणजे इथली निवड जितकी कारखान्यानं आखडली आहे, तितकीच भाड्यानंही.

अमेरिकेतली गोष्ट

‘निवड गेली’ ही तक्रार खऱ्या अर्थानं अमेरिकेची. तिथं ट्रक घेणं म्हणजे जवळजवळ शिंप्याकडं माप देणं होतं. केबिन पीटरबिल्टची, इंजिन कॅटरपिलरचं की कमिन्सचं की डेट्रॉइटचं, गिअरबॉक्स ईटनचा, ॲक्सल आणखी कुणाचा. तेरा ते पंधरा लिटरांची ही इंजिनं, आणि प्रत्येकाची भक्तमंडळी वेगळी. १९८७ मध्ये आलेलं डेट्रॉइटचं ‘सिरीज ६०’ हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं इंजिन तर आजही आदरानं आठवलं जातं. इलेक्ट्रॉनिक्स आलं म्हणून इंजिन बिघडतं, या समजाला ते एक चांगलं उत्तर आहे.

कलाटणी मिळाली ती १९९८ मध्ये. इंजिनं चाचणीत एक वागतात आणि रस्त्यावर दुसरंच, असा आरोप पर्यावरण खात्यानं सात कंपन्यांवर ठेवला. त्यांनी ८ कोटी ३४ लाख डॉलरचा दंड भरला आणि २००४ चे नियम ऑक्टोबर २००२ पासूनच पाळायचं कबूल केलं. मग पायऱ्या आल्या : २००२ मध्ये ईजीआर, म्हणजे थोडा धूर थंड करून परत इंजिनात सोडणं, २००७ मध्ये काजळी अडवणारा डीपीएफ, आणि २०१० मध्ये नायट्रोजन ऑक्साइडची इतकी कडक मर्यादा, की बहुतेकांनी धुरात युरियाचं पाणी फवारणारी एससीआर यंत्रणा स्वीकारली.

प्रत्येक पायरीला कुणीतरी गळलं. कॅटरपिलरनं २००८ मध्येच जाहीर केलं, की रस्त्यावरच्या ट्रकची इंजिनं यापुढं आम्ही करणार नाही. नेव्हिस्टारनं उलटा डाव टाकला : युरिया नको, ईजीआरच वाढवू. विक्रीला हा मुद्दा फार गोड होता. टाकी नको, कॅन नको, कटकट नको. पण मर्यादा होती ०.२ ग्रॅम आणि त्यांची मोठी इंजिनं ०.५ वर अडकली. आधी साठवलेल्या सवलतींवर काही दिवस निघाले, न्यायालयानं २०१२ मध्ये दंड भरून विकायची तात्पुरती मुभाही काढून घेतली, आणि त्याच उन्हाळ्यात कंपनी मुकाट्यानं एससीआरकडं वळली. दरम्यान कंपनीच्या या ‘मॅक्सफोर्स’ इंजिनांच्या मालकांनी खटले भरले; शेवटी १३.५ कोटी डॉलरची तडजोड झाली.

एससीआरवाले सुखात होते असंही नाही. २०१८ मध्ये कमिन्सला सुमारे ५ लाख ट्रक परत बोलवावे लागले, कारण त्यांतला उत्प्रेरक ठरल्यापेक्षा लवकर निकामी होत होता. दोन्ही वाटांवर खड्डे होते, एवढंच खरं.

आज तिथं फ्रेटलायनर घेतली तर डेट्रॉइटचं, केनवर्थ किंवा पीटरबिल्ट घेतली तर पॅकारचं इंजिन ही मुख्य वाट, आणि पर्याय हवा असेल तर बहुधा कमिन्स. व्होल्वो आणि मॅक आपल्या घरच्याच इंजिनावर. ज्यांना हे पटलं नाही त्यांनी ‘ग्लायडर’ काढले : नवी केबिन, नवी चेसिस आणि आत २००२ च्या आधीचं जुनं इंजिन. २०१६ च्या नियमांनी त्यांना लगाम घातला. गिऱ्हाईक नव्या गाडीचे पैसे देऊन जुनं इंजिन मागतं, ही गोष्ट कारखानदारांना झोंबली असणार.

आपला फाटा

आपल्याकडं जड वाहनांना भारत स्टेज ४ देशभर लागू झालं ते १ एप्रिल २०१७ ला. त्याला तीन दिवस असताना सर्वोच्च न्यायालयानं बीएस-३ गाड्यांची विक्री थांबवली आणि आवारात उभ्या गाड्यांवर सवलतींची झुंबड उडाली, ती अनेकांना आठवत असेल. त्या टप्प्यावर आपल्याकडंही दोन वाटा फुटल्या. मोठ्या गाड्यांत अनेकांनी युरिया घेतला, तर लेलँडनं आय-ईजीआर आणलं आणि युरियाची गरज नाही हा मुद्दा जोरात मांडला. ऐकायला अगदी नेव्हिस्टारचीच भाषा. पण इथं तो डाव बसला, कारण बीएस-४ मध्ये नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा युनिटला ३.५ ग्रॅम होती. तेवढं काम ईजीआर करू शकतं. अमेरिकेची २०१० ची मर्यादा याच मापात पाव ग्रॅमच्या आसपास येते. एकच कल्पना एका देशात कंपनी बुडवायला निघते आणि दुसऱ्या देशात गाड्या विकून देते; फरक फक्त आकड्याचा. ‘अमुक तंत्रज्ञान चांगलं, तमुक वाईट’ असं ट्रक अड्ड्यावर बोललं जातं तेव्हा हा आकडा सहसा विसरला जातो.

मग बीएस-५ ला वळसा घालून १ एप्रिल २०२० ला थेट बीएस-६ आलं. मर्यादा ३.५ वरून ०.४ वर, डिझेलमधलं गंधक ५० वरून १० पीपीएमवर. आता युरिया टाळण्याची सोय कुणालाच उरली नाही. लेलँडनंही ईजीआरला एससीआरची जोड दिली. शोरूममध्ये कुठलंही नाव घ्या, इंजिनामागं तेच डबे : धूर जाळणारा, काजळी धरणारा, युरियाचा. निवड संपल्याची भावना प्रामुख्यानं इथून आली. इंजिनं अजून वेगवेगळी आहेत, पण त्यांची दुखणी एकसारखी झाली आहेत.

दुखणी कशी, ते थोडं जवळून पाहण्यासारखं आहे. डीपीएफमधली काजळी अधूनमधून जाळावी लागते, त्याला ड्रायव्हर ‘रिजन’ म्हणतात. हायवेवर भरधाव चालणाऱ्या गाडीत ते आपोआप होतं, कळतही नाही. पण खाणीत किंवा क्रशरवर दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या हायवा टिपरला धुराची ती उष्णता मिळतच नाही. मग बाजूला उभं राहून बटण दाबायचं आणि इंजिन घोंघावत ठेवायचं. भरायला मागं रांग लागलेली असताना ड्रायव्हर ते पुढं ढकलतो. दोन-चारदा ढकललं, की डबा चोंदतो.

युरियाचं दुखणं त्याहून देशी. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी. शंभर लिटर डिझेलमागं साधारण चार ते सहा लिटर लागतं, म्हणजे लांबच्या गाडीला तो रोजचा खर्च. साहजिकच स्वस्त बादल्या निघाल्या. शेतीच्या अनुदानित युरियाला २०१५ पासून कडुनिंबाचं तेल लावलेलं असतं. तो किंवा साध्या बोअरचं पाणी त्यात गेलं, की नोझल आणि उत्प्रेरक दोन्ही धरतात. यंत्रणेला ते कळतं आणि ती शिक्षा करते. युरो-६ च्या नियमांत पहिल्यांदा ताकद पंचवीस टक्क्यांनी तोडायची आणि तरी दुरुस्ती झाली नाही तर वेग ताशी २० किलोमीटरवर बांधायचा, अशी तरतूद आहे. आपले नियम त्याच साच्यातले. कळंबोलीचा तो काटा वीसवर अडकला होता तो असा, नियमानुसार.

कोण काय म्हणतं

गाडीमालकांचं म्हणणं सरळ आहे. इंजिन चांगलं असताना गाडी रस्त्यात उभी राहणं त्यांच्या हिशेबात बसत नाही. एक-दोन ते चार-पाच गाड्यांचा मालक हाच आपल्या वाहतुकीचा कणा. त्याची एक गाडी उभी म्हणजे पाव किंवा अर्धा धंदा उभा, आणि हप्ता थांबत नाही. माल नाशवंत असेल, बंदरावर कंटेनरची वेळ ठरलेली असेल, तर टोचन लावून नेण्याचा खर्च वेगळाच. सेन्सरचं म्हणणं खरं की गाडीचं, हे त्याला स्वतःला तपासता येत नाही, ही खरी ठसठस.

कंपन्यांची बाजूही पोकळ नाही. नव्या इंजिनांची ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही जुन्यांपेक्षा सरस आहेत, ऑइल बदलायचं अंतर कित्येक पटींनी वाढलं आहे. सहा वर्षं किंवा सहा लाख किलोमीटरची वॉरंटी पूर्वी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. महिंद्रानं २०१६ मध्ये ब्लाझो आणताना ‘जास्त ॲव्हरेज नाही मिळालं तर गाडी परत द्या’ असं जाहीर केलं. ती गाडी चाकणला बनणाऱ्या ७.२ लिटरच्या इंजिनावर चालत होती, आणि ते इंजिन सुरुवातीला विकलं जात होतं मॅक्सफोर्स याच नावानं. अमेरिकेत बदनाम झालेल्या इंजिनांशी त्याचं नावापुरतंच नातं, बांधणी वेगळी. नाव आणि इंजिन या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही. बहुतेक बिघाड वाईट डीईएफ, भेसळीचं डिझेल आणि पुढं ढकललेल्या रिजनमुळं होतात, हा कंपन्यांचा दावा वर्कशॉपमधले फिटरही बऱ्याच अंशी मान्य करतात. मात्र भारतात भेसळ होते हे गाडी आखतानाही ठाऊक होतं, हा मालकांचा प्रतिप्रश्न तिथंच लटकत राहतो.

तिसरी बाजू हवेची. चर्चेत ती शेवटी येते, कारण तिच्या वतीनं ट्रक अड्ड्यावर कुणी बसलेलं नसतं. नायट्रोजन ऑक्साइड आठ-नऊ पटींनी कमी होणं ही लहान गोष्ट नाही, आणि डबे काढून टाकले तर ती सगळी कमाई एका झटक्यात जाते. यंत्रणेला फसवणारं ‘किट’ बसवून देणारे आहेत, हे सगळ्यांना माहीत असतं. ते बेकायदा आहे आणि वॉरंटीही घालवतं. पण असं किट बसवणारा प्रत्येक जण प्रदूषणप्रेमी नसतो. अनेकदा तो तिसऱ्यांदा रस्त्यात अडकलेला माणूस असतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं २०२५ च्या ऑगस्टमध्ये कंपन्यांना सुचवलं, की सॉफ्टवेअर बदलून ही शिक्षा सौम्य आणि टप्प्याटप्प्याची करा, गाडी एकदम पांगळी करू नका. नियम ठेवून शिक्षा बदलायची, हा मधला मार्ग आपल्याकडं अजून गंभीरपणे चर्चेत आलेला नाही.

लॅपटॉप कुणाचा?

माझ्या मते वादाचं केंद्र आता इंजिनावरून या लॅपटॉपकडं सरकलं आहे. स्कॅनर बाजारात मिळतो, तो बिघाडाचा कोड वाचतोही. पण कोड पुसणं, नवा सेन्सर गाडीला ओळखायला लावणं, रिजन जबरदस्तीनं करवून घेणं, याला कंपनीचं सॉफ्टवेअर आणि परवानगी लागते. भारतीय स्पर्धा आयोगानं २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला तो सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना न देण्यावरून. तो निकाल कारपुरता होता आणि पुढं अपिलांत गेला. ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या यादीत वाहनंही आहेत. ट्रकच्या बाबतीत कंपन्यांचा युक्तिवाद असा, की उत्सर्जनाचं सॉफ्टवेअर उघडं केलं तर किटवाल्यांचंच फावेल. हा धोका खरा आहे. पण कोड पुसणं आणि यंत्रणा बंद पाडणं ही एकच चावी असलीच पाहिजे का, याचं उत्तर तंत्रज्ञांनी द्यायचं आहे, आणि ते अजून दिलेलं नाही.

भरवशाच्या मोजमापाचंही तसंच. ‘वाहन’ पोर्टल कुठली गाडी किती खपली ते महिन्याच्या महिन्याला सांगतं, किती वेळा उभी राहिली ते सांगत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, सदोष गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पण ‘दोष’ म्हणजे सुरक्षेचा किंवा पर्यावरणाचा. गाडी धुराचे नियम पाळण्यासाठीच उभी राहिली, तर तो दोष की गुण? आता जवळजवळ प्रत्येक नवी मोठी गाडी टेलिमॅटिक्सनं कंपनीला बारीकसारीक कळवत असते. म्हणजे भरवशाचा खरा हिशेब अस्तित्वात आहे, फक्त तो विकणाऱ्याकडं आहे. घेणाऱ्याकडं आहेत अड्ड्यावरच्या कहाण्या.

दरम्यान जुन्या गाडीचं इंजिन काम करून ती चालवत राहणं, हा आपला ‘ग्लायडर’ही आखडत चालला आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ आणि त्याहून जुन्या मालवाहू गाड्यांना दिल्लीत प्रवेश नाही. बीएस-४ ला ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत आहे. नाशिकचा कांदा घेऊन उत्तरेला जाणाऱ्याला हा हिशेब आत्ताच करावा लागतो.

निवड परत येण्याची एक खिडकी उघडली होती ती गॅसनं. चाकणच्या ब्लू एनर्जी मोटर्सनं २०२२ मध्ये एलएनजीवर चालणारा ट्रक आणला, इंजिन इटलीच्या एफपीटीचं. ट्रक एकाचा, इंजिन दुसऱ्याचं, म्हणजे जुन्या अमेरिकन पद्धतीसारखं काहीतरी. २०२५ च्या जुलैत टाटा मोटर्सनं इव्हेको समूह विकत घेण्याची घोषणा केली. एफपीटी त्याच समूहातली, म्हणजे ही खिडकीही पुन्हा एका ट्रक कंपनीच्या घरात जाण्याची चिन्हं.

कळंबोलीच्या त्या मालकाला नंतर विचारलं, पुढची गाडी कुठली? इंजिनाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. शोरूमवाल्याकडून त्यानं एक कागद मागवून घेतला होता : पनवेल ते हैदराबाद रस्त्यावर लॅपटॉपवाली व्हॅन कुठं कुठं उभी असते आणि रात्री फोन कोण उचलतं. दोन कंपन्यांनी यादी पाठवली होती. तिसऱ्या कंपनीच्या सेल्समननं ॲव्हरेजचा तक्ता पाठवला होता, तो टपरीच्या फळीवर चहाच्या ग्लासाखाली होता.